स्क्रीन न बघता लाईट बिल

शीर्षक वाचून कुणाला वाटेल की हा लोडशेडिंगवरचा विनोदी लेख आहे. तसं काही नाही. लाईट आहेत, कॉम्प्युटर चालू आहे, स्क्रीनवर सगळं दिसतंय. फक्त समोर बसलेल्या माणसाला दृष्टी नाही. अशा माणसाने बँकेचे व्यवहार आणि बिलं घरबसल्या, स्वतःची स्वतः कशी करायची, त्याला कुठे अडतं, आणि त्या अडण्यात आपण इंजिनिअर मंडळींचा हात किती, याचा हा धडा आहे. मी तो शिकवायला गेलो होतो. किती शिकवला आणि किती शिकलो, ते वाचून तुम्हीच ठरवा.

४५६ रुपयांचा हिशेब

माझे मामा मिरजेला राहतात. सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहेत. पूर्वी तिथेच क्लार्क होते. काचबिंदू झाला, तो कळायला उशीर झाला आणि चाळिशीच्या आतच दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. नोकरी मात्र राहिली. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याला जमेल असं काम द्यावं लागतं, असा कायदा आहे. त्यामुळे मामा फायलींच्या टेबलावरून टेलिफोनच्या टेबलावर आले. कार्यालयातले सगळे एक्स्टेन्शन नंबर त्यांना तोंडपाठ आहेत.

ऑफिसचं निभावलं, पण घरच्या पैशाच्या कारभाराचं काय? तो माझ्याकडे आला. मी पडलो कॉम्प्युटर ब्रँचचा, म्हणजे घरातला एक्सपर्ट! दोन वर्षं हॉस्टेलवरून मीच मामांचं लाईट बिल, फोनचं बिल, गॅस, सगळं भरायचो. युझरनेम माझ्याकडे, पासवर्ड माझ्याकडे, एटीएमचा पिनसुद्धा माझ्याकडे. ओटीपी आला की मामी फोनवर मोठ्यानं वाचून दाखवायच्या. बँक दर चार दिवसांनी मेसेज पाठवते की ओटीपी कुणाला सांगू नका. आमच्याकडे तो शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचा.

सहाव्या सेमिस्टरची परीक्षा संपल्यावर मी महिनाभर मामांकडे राहायला गेलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "खात्यात किती आहेत रे?" मी मोबाईल बघून आकडा सांगितला. मामा हिशेब डोक्यात ठेवतात. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "साडेचारशे कमी वाटतात. तू घेतलेस का काही? घेतले असशील तर असू देत, फक्त सांग."

मी घेतले नव्हते. "नाही" म्हणालो, पण जरा जोरातच. दोन वर्षं फुकट राबलो आणि वर हे! मामी म्हणाल्या, "अहो, पोरगं कशाला घेईल?" मामा काही बोलले नाहीत. दोन दिवस आम्ही एका ताटाला ताट लावून जेवलो, पण बोलणं कामापुरतंच. रागाच्या भरात मी स्टेटमेंट उघडून बघायचे कष्टही घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी उघडलं. मे महिन्याच्या शेवटी दोन नोंदी होत्या. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये. दरवर्षी १ जूनच्या आत हे हप्ते खात्यातून आपोआप वळते होतात. बेरीज ४५६. मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "चुकलं माझं. पण लेका, दुसऱ्याच्या डोळ्यांनी हिशेब बघायचा म्हटला की कधीतरी असं होणारच. आज तू आहेस म्हणून निभावलं. मला शिकव ते."

तर मित्रहो, आमची शिकवणी अशी सुरू झाली.

स्क्रीन रीडर म्हणजे नेमकं काय?

स्क्रीन रीडर हे एक सॉफ्टवेअर आहे. स्क्रीनवर जे असेल ते आवाजात वाचून दाखवतं किंवा ब्रेल डिस्प्लेवर उमटवतं. यातलं जुनं नाव म्हणजे जॉज. टेड हेंटर नावाचा एक अमेरिकन मोटरसायकल रेसर होता. १९७८ साली अपघातात त्याची दृष्टी गेली. पुढे तो प्रोग्रॅमिंग शिकला आणि १९८९ साली त्याच्या कंपनीने डॉससाठी जॉज आणलं. ते विकत घ्यावं लागतं आणि किंमत विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरची आहे. दुसरं नाव एनव्हीडीए. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने ते २००६ साली लिहायला घेतलं, नंतर जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्यात आला. ते बरंचसं पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे, ओपन सोर्स आहे आणि विंडोजवर फुकट चालतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. ही दोन्ही फोनच्या सेटिंगमध्येच असतात, फक्त चालू करायची.

माझा मोठा गैरसमज असा होता की स्क्रीन रीडर म्हणजे कॅमेऱ्यासारखं काहीतरी, पानाचा फोटो बघून वाचणारं. तसं नाही. ब्राउझर एचटीएमएल वाचून पानाचं एक झाड तयार करतो आणि स्क्रीन रीडर त्या झाडाच्या फांद्या वाचतो. प्रत्येक फांदीबद्दल तो मुख्यतः तीन गोष्टी सांगतो: नाव, प्रकार आणि स्थिती. उदाहरणार्थ, पासवर्डच्या रकान्यावर आलात की "पासवर्ड, एडिट, प्रोटेक्टेड, ब्लँक" असं ऐकू येतं. म्हणजे नाव पासवर्ड, प्रकार लिहायचा रकाना, आणि तो सध्या रिकामा. बटनावर आलात की "लॉगिन, बटन".

आता समजा प्रोग्रॅमरने नावच दिलं नाही, नुसतं चित्र टाकलं. मग स्क्रीन रीडर काय म्हणणार? "बटन." बस्स. कशाचं बटन, देव जाणे! आपल्या मेसच्या स्वयंपाकघरात पंधरा सारखे डबे आहेत, सगळ्यांचं झाकण घट्ट आहे आणि प्रत्येकावर फक्त "डबा" असं लिहिलंय, असं समजा. चहात साखर पडेल की मीठ, हे नशिबावर. बँकेच्या पानावर तोच खेळ पगाराच्या पैशाशी चालतो.

कीबोर्डची बाराखडी

अंध माणूस माऊस वापरत नाही. बाण कुठे आहे तेच दिसत नाही, तर नेणार कुठे? सगळं काम कीबोर्डवर. मामांना मी एनव्हीडीएच्या एवढ्याच कळा शिकवल्या, आणि बँकेच्या कामाला त्या पुरतात:

१. कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकदम दाबलं की एनव्हीडीए सुरू. नुसतं कंट्रोल दाबलं की बोलणं बंद. ही कळ पहिली शिकावी, कारण सुरुवातीला ते फार बडबडतं.

२. टॅब दाबत गेलं की एकेक रकाना, लिंक, बटन पुढे. शिफ्ट धरून टॅब, की मागे.

३. पान वाचताना एच दाबलं की पुढचं हेडिंग, ई म्हणजे लिहायचा रकाना, बी म्हणजे बटन, के म्हणजे लिंक, टी म्हणजे तक्ता. शिफ्टबरोबर दाबलं की तीच उडी उलटी.

४. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंक्स, हेडिंग्ज, बटनं यांची यादी समोर येते. नवीन पानावर गेल्यावर आधी हीच यादी ऐकावी.

५. तक्त्यात कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाणांच्या कळा. वर-खाली ओळी, डावी-उजवीकडे रकाने.

६. डावा-उजवा बाण दाबला की एकेक अक्षर, एकेक आकडा. खाते क्रमांक आणि रक्कम नेहमी अशीच तपासायची, एका दमात ऐकून विश्वास ठेवायचा नाही.

एक घोळ सगळ्यांचा होतो, आमचाही झाला. एच, ई, बी या कळा पान वाचताना उड्या मारतात, पण रकान्यात लिहिताना त्याच कळांनी अक्षरं उमटायला हवीत. म्हणून एनव्हीडीएचे दोन मोड आहेत, एक वाचायचा आणि एक लिहायचा. इन्सर्ट धरून स्पेस दाबलं की मोड बदलतो आणि वेगळा आवाज येतो. मामांनी पहिल्या दिवशी युझरनेम टाइप केलं आणि पानभर कुठेच्या कुठे उड्या मारल्या. "हे माझं नाव लिहितंय का मला गावभर फिरवतंय?" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आवाजातला फरक त्यांना माझ्याआधी कळायला लागला. टेलिफोन ऑपरेटरचे कान ते!

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी इथेच सांगतो. एक, हेडफोन लावल्याशिवाय बँक उघडायची नाही. पासवर्डच्या रकान्यात एनव्हीडीए अक्षराऐवजी "स्टार, स्टार" म्हणतं, पण शिल्लक मात्र खणखणीत वाचतं. दोन, एनव्हीडीएमध्ये स्क्रीन कर्टन नावाची सोय आहे. ती चालू केली की स्क्रीन पूर्ण काळी होते, आवाज चालू राहतो. मागे कोण उभं आहे हे ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची.

लॉगिनची लढाई

तिसऱ्या दिवशी आम्ही बँकेच्या साईटवर गेलो. पत्ता स्वतः टाइप करायचा, मेसेजमधल्या लिंकवरून जायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. पत्ता बरोबर आहे का हे ऐकायला ऑल्ट आणि डी दाबायचं.

युझरनेम झालं. पासवर्ड झाला. आणि मग आला कॅपचा. वाकडीतिकडी अक्षरं असलेलं चित्र, ती अक्षरं ओळखून रकान्यात लिहा, म्हणजे तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध झालं. एनव्हीडीएने सांगितलं, "ग्राफिक." मामा हसले. "म्हणजे मी माणूस नाही असं ठरलं."

मी स्क्रीनकडे बघितलं. चित्राशेजारी स्पीकरचं छोटं चिन्ह होतं. ते दाबलं की अक्षरं आवाजात ऐकू येत होती! म्हणजे अंध माणसासाठी सोय केलेली होती. पण त्या चिन्हाला नावच नव्हतं. मामा त्याच्यावरून तीनदा गेले आणि तिन्ही वेळा त्यांना ऐकू आलं, "बटन." शेजारी आणखी एक बटन होतं, चित्र बदलायचं. तेही नुसतं "बटन". आंधळ्यासाठी बांधलेल्या दाराला पाटी नव्हती, आणि ते दार आहे हे फक्त डोळसाला कळत होतं.

त्यावर उपाय म्हणून मी जे केलं तेच पुढे अंगाशी आलं. मी सांगितलं, "मामा, पासवर्डनंतरचं दुसरं बटन दाबायचं." मामांनी ते पाठ केलं आणि आम्ही आत गेलो.

आत गेल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल? पासवर्ड बदलला. मला म्हणाले, "तू जरा बाहेर जाऊन बस." मी अंगणात जाऊन बसलो. पाचेक मिनिटांनी हाक आली. मग त्यांनी स्वतः स्टेटमेंट उघडलं, टी दाबून तक्त्यात गेले आणि एकेक ओळ ऐकत मे महिन्याच्या शेवटापर्यंत आले. ४३६ आणि २०. दोन्ही आकडे त्यांनी बाणाने सुटे करून ऐकले. मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी मामींना सांगून शिरा केला.

बिल भरायची पद्धत

लाईट बिलाचा कागद अंध माणसाच्या दृष्टीने कोराच. म्हणून ऑनलाइन भरण्याचा पहिला फायदा असा की बिल किती आलं आणि शेवटची तारीख कुठली, हे स्वतःला कळतं. बहुतेक बँकांच्या नेट बँकिंगमध्ये आणि मोबाईल अ‍ॅपमध्ये बिल भरायची सोय असते. तिच्यामागे भारत बिल पेमेंट सिस्टिम आहे, जिचं आताचं नाव भारत कनेक्ट. पायऱ्या अशा:

पहिली पायरी, वीज हा प्रकार निवडून आपली वीज कंपनी निवडायची. यादी लांब असते, पण कंपनीच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहिली की ती लहान होते.

दुसरी पायरी, ग्राहक क्रमांक. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. सोबत चार आकडी बिलिंग युनिटही विचारतात. हे दोन्ही एकदाच कुणाकडून तरी वाचून घेऊन फोनमध्ये साठवून ठेवावेत. लिहिल्यावर डाव्या बाणाने मागे येत एकेक आकडा ऐकावा.

तिसरी पायरी, बिल मागवायचं. ग्राहकाचं नाव, रक्कम आणि देय तारीख येते. नाव आपलंच आहे ना, हे ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक आकडा चुकला तर शेजाऱ्याचं बिल भरून पुण्य मिळेल.

चौथी पायरी, पैसे कुठून द्यायचे ते निवडून पिन किंवा ओटीपी. ओटीपीला वेळ मोजकाच असतो, म्हणून टॉकबॅक चालू असलेला फोन आधीच हाताशी ठेवावा. लॅपटॉपचा हेडफोन एका कानात आणि फोन दुसऱ्या कानाला. मामांचं हे रोजचंच काम.

पाचवी पायरी, पावतीचा क्रमांक ऐकून साठवणे आणि बँकेचा मेसेज येईपर्यंत थांबणे. मेसेज आला नाही म्हणून घाईत दुसऱ्यांदा भरू नये. आधी स्टेटमेंट बघावं.

दुसऱ्या कुणाला पैसे पाठवतानाही नावाचा हाच नियम. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी समोरच्या खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. यूपीआयमध्ये नाव येतंच. दुकानातला क्यूआर कोड कॅमेऱ्यात धरणं अवघड जातं, त्यापेक्षा दुकानदाराचा मोबाईल नंबर किंवा यूपीआय आयडी विचारून घ्यावा. आणि "आज रात्री तुमची लाईट कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर? तो चोर. हे डोळसांनाही लागू!

ऑगस्टमधला फोन

जूनचं आणि जुलैचं बिल मामांनी स्वतः भरलं. मी हॉस्टेलवर परत आलो, मित्रांना फुशारक्या मारल्या. ऑगस्टमध्ये एका रात्री दहाच्या सुमारास टीटी रूममध्ये होतो, मामांचा फोन आला.

"अरे, ते दुसरं बटन सापडेना. तीन वेळा चुकलो. आता आणखी एकदा चुकलो तर खातं लॉक होईल म्हणतंय."

बँकेने पानाची रचना बदलली होती. मी इकडे ते पान उघडलं. स्पीकरचं चिन्ह आता पासवर्डच्या आधी गेलं होतं, आणि अजूनही बिननावाचंच होतं. बिलाची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती.

मी सहज म्हणालो, "मामा, पासवर्ड सांगा, दोन मिनिटांत भरतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "नको रे. तो आता माझा आहे."

मी ओशाळलो. दुसऱ्या दिवशी मामांनी अर्धा दिवस रजा टाकली, येऊन-जाऊन १२० रुपये रिक्षाला घातले आणि काउंटरवर उभं राहून ८७० रुपयांचं बिल रोख भरलं. काउंटरवर मागच्या माणसाला विचारून नोटा मोजून घ्याव्या लागल्या, हेही त्यांनी नंतर सांगितलं. कुणा प्रोग्रॅमरने एका बटनाला दोन शब्दांचं नाव दिलं नाही, त्याची ही किंमत. अंध माणसाने ही किंमत भरायची नाही म्हटलं, तर त्याच्यापुढे दुसरा रस्ता एकच उरतो: पासवर्ड कुणाच्या तरी हातात द्यायचा. आणि तो दिला की पुन्हा ४५६ रुपये.

आपल्या पायाखाली

त्या रात्री बँकेला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. मग आठवलं, की मीही एक पैशाचं पान लिहिलंय! तिसऱ्या वर्षाचा आमचा मिनी प्रोजेक्ट होता, हॉस्टेलचं मेस बिल पोर्टल. एक्स्टर्नलनी कौतुक केलं होतं, २५ पैकी २३ मार्क होते. रात्री साडेअकराला लॅपटॉपवर एनव्हीडीए सुरू केलं, माऊसला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि स्वतःचंच बिल भरायला बसलो. रूममेटने चादरीतून डोकं काढून विचारलं, "कोण बोलतंय?"

बोलणार काय? "ग्राफिक. बटन. बटन. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक." चौदा बटनं होती, सगळी चित्रांची, एकालाही नाव नाही. रूम नंबर, नाव, महिना हे शब्द रकान्यांच्या शेजारी लिहिलेले होते, पण रकान्याला जोडलेले नव्हते, त्यामुळे टॅबने रकान्यावर गेलं की ते ऐकूच येत नव्हते. "पैसे भरा" हे तर मुळात बटनच नव्हतं. डिव्हला रंग देऊन मी बटनासारखं दिसेल असं केलं होतं. टॅब त्याच्यावर थांबतच नव्हता. आणि चूक झाली की रकान्याची कड लाल व्हायची. लाल रंग ऐकणार कसा?

जी चूक त्या बँकेच्या माणसाची, तीच माझी. त्याला निदान स्पीकर ठेवायचं सुचलं होतं.

दुरुस्तीला किती वेळ लागला असेल? एक संध्याकाळ. तुमच्या प्रोजेक्टसाठी यादी देतो, ही जर्नलमध्ये उतरवून घ्या:

१. प्रत्येक रकान्याला लेबल टॅग द्या आणि त्याचं फॉर हे अ‍ॅट्रिब्यूट रकान्याच्या आयडीशी जुळवा. रकान्यात फिकट अक्षरात लिहिलेली सूचना म्हणजे लेबल नव्हे.

२. बटन हे बटन टॅगनेच करा. आत नुसतं चित्र असेल तर चित्राला ऑल्ट किंवा बटनाला एरिया-लेबल देऊन नाव लिहा. नाव कामाचं लिहा. "आयकॉन ३" हे नाव नव्हे.

३. चुकीचा संदेश शब्दांत लिहा आणि त्याला अलर्ट हा रोल द्या, म्हणजे तो लगेच वाचला जातो.

४. तक्त्याच्या पहिल्या ओळीला टीएच वापरा. मग "४३६" ऐकताना ते जमेच्या रकान्यात आहेत की खर्चाच्या, हेही ऐकू येतं.

५. वेळ संपत असेल तर आधी सांगा आणि साध्या कृतीने वाढवू द्या. वेबच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी किमान २० सेकंद सांगितले आहेत.

६. पान मराठीत असेल तर लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड, म्हणजे एमआर, लिहा. नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला जातो, किंवा वाचतच नाही.

ही तत्त्वं डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखली जातात. पहिली आवृत्ती १९९९ सालची, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मधली. पासवर्ड पाठ ठेवणं किंवा कोडं सोडवणं यावरच लॉगिन अडवू नका, काहीतरी पर्याय द्या, असा नियम २.२ मध्ये आला आहे.

कायदा काय म्हणतो?

स्टाफमधल्या वाचकांसाठी हे थोडक्यात. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर या सोयी नाकारू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २००८ सालीच कळवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं अशी तरतूद आहे. त्यासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल दिला. खाती उघडताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा, अशी जी अट असते, तिच्याविरुद्ध अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडित आणि अंध व्यक्ती न्यायालयात गेल्या होत्या. ज्यांना डोळे मिचकावताच येत नाहीत त्यांनी करायचं काय?

म्हणजे नियम आहेत. पण नियम काही कोड लिहीत नाही. ते लिहिणारे पुढच्या दोन-तीन वर्षांत आपणच असणार आहोत, कुणी बँकेत, कुणी आयटी कंपनीत.

शेवटी

गणपतीच्या सुट्टीत मी मिरजेला गेलो. लॅपटॉपचा हट्ट सोडून बँकेचं मोबाईल अ‍ॅप टॉकबॅकने चालवून बघितलं. बोट फिरवलं की ऐकू येत होतं, "बिल भरा, बटन", "मागे जा, बटन", "शिल्लक पाहा, बटन". एकही बटन बिननावाचं नव्हतं. त्याच बँकेचं अ‍ॅप, पण ते लिहिणारा कुणी वेगळा असावा. मामांनी दोनदा टिचकी मारून सप्टेंबरचं बिल भरलं. मी शेजारी बसून मोदक खात होतो, मला काही विचारलं नाही. तेव्हापासून दर महिन्याला मला फक्त पावतीचा मेसेज येतो. तोसुद्धा हौसेखातर.

मेस बिल पोर्टलच्या चौदाही बटनांना आता नावं आहेत. आमच्या गाईड मॅडमना मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी यंदाच्या टर्मवर्कच्या यादीत एक ओळ वाढवली: डेमोच्या वेळी पाच मिनिटं मॉनिटर बंद ठेवून प्रोजेक्ट चालवून दाखवणे.

ज्युनिअर्सनो, मला शिव्या द्यायच्या असतील तर रूमवर या. पण येण्याआधी एकदा माऊस काढून ठेवा, हेडफोन लावा आणि आपलंच पान ऐका. किती वेळा नुसतं "बटन" ऐकू येतं, तेवढं मोजून आणा.